खुब्यात 'कट्' असा आवाज येतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

खुर्चीतून उठताना किंवा जिना चढताना खुब्यात 'कट्' असा आवाज येतो, आणि काहींना तर खुबा क्षणभर निखळल्यासारखा वाटतो. मग हाडे झिजली, आता सांधा बदलावा लागणार, अशी धास्ती मनात बसते. बहुतेकांच्या बाबतीत ती अनाठायी असते, कारण हा आवाज सहसा हाडे झिजल्याचा नसून हाडावरून सरकणाऱ्या कंडरेचा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाचा, किंवा पट्ट्याचा असतो.

कमरेच्या हाडापासून मांडीच्या बाहेरच्या अंगाने गुडघ्याच्या खालपर्यंत एक जाड, चिवट पट्टा जातो. मांडीच्या हाडाचा जो उंचवटा कुशीवर झोपल्यावर टेकतो, त्याच्यावरून हा पट्टा पुढे-मागे सरकत असतो. तो ताठर झाला की सहज न सरकता झटक्याने पलीकडे जातो, आणि पुष्कळदा हे कातडीखाली डोळ्यांनी दिसतेसुद्धा. तिथे असलेली द्रवाची पातळ पिशवी या घर्षणाने सुजली, तर त्या कुशीवर झोपणे नकोसे होते. दुसऱ्या प्रकारात आवाज पुढून, जांघेतून येतो. कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत येणाऱ्या स्नायूची कंडरा खुब्यासमोर अडखळून सुटते. हे दिसत नाही, पण शेजारच्या माणसालाही ऐकू येऊ शकते. बॅले नर्तकांमध्ये आणि धावपटूंमध्ये ही तक्रार विशेष आढळते, कारण त्यांचा खुबा एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतो.

नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर उपचारांची गरज नसते. गंमत म्हणून तो मुद्दाम काढत राहणे मात्र टाळावे. दुखत असल्यास त्रास देणारी हालचाल काही काळ कमी करावी, बर्फाने शेकावे आणि फिजिओथेरपिस्टकडून ताणाचे व नितंबाच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम शिकून घ्यावेत. यासाठी आठवडे, कधी महिनेही लागतात, आणि नेमका हाच धीर लोक सोडतात, याचे मला वाईट वाटते. शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते.

खुबा मध्येच अडकत असेल, जांघेत खोलवर कळ येत असेल किंवा पडल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर मात्र दोष सांध्याच्या आत असू शकतो: खोबणीच्या कडेची कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक कड, फाटलेली असते किंवा एखादा सुटा तुकडा आत फिरत असतो. अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवण्यात चालढकल करू नये. कंडरा सरकताना प्रत्यक्ष पाहायची असेल, तर पाय हलवत केलेली सोनोग्राफी उपयोगी पडते. तपासणीच्या वेळी आवाज कुठून येतो तिथे बोट ठेवून दाखवा, आणि जमल्यास तीच हालचाल डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवा.