सशाची खोटी किंकाळी

वेस्ट टेक्सास, जानेवारी, सूर्य अजून वर यायचाय, आणि आपण आलोय कायोटीच्या शिकारीला. ही काटेरी झुडपं दिसतायत ना ती मेस्कीट, आपल्याकडच्या वेड्या बाभळीची चुलत बहीण. पिकअप मुद्दाम टेकाडामागे लावलाय, आणि दार बघा कसं दाबून लावतोय, धाडकन आपटलं की ही जागा गेलीच समजा.

आता ही छोटी बाटली. पांढरी पावडर उडवली, डावीकडे गेली म्हणजे वारा तिकडे. कायोटी लय बेरकी, आपल्या कोल्ह्याचाच भाऊबंद पण अंगाने जरा थोराड, तो आवाजावर सरळ येतच नाही, वळसा घालून वाऱ्याखालून येतो, आधी वास घेतो. म्हणून डावीकडचं रान मोकळं पाहिजे आणि बसायचं पाठीला झुडूप घेऊन, सावलीत, हातापायांची चुळबुळ बंद.

आणि हा कॉल, म्हणजे जनावराला बोलवायची शिट्टी. बोटाएवढी नळी, आत पातळ पट्टी, तिलाच रीड म्हणतात. नवशिक्याने क्लोज्ड रीड घ्यावा, नुसतं फुंकलं की वाजतो. ओपन रीडमधे पट्टी ओठांनी दाबून सूर चढवा-उतरवायचा असतो, महिनाभर घरच्यांच्या शिव्या खाल तेव्हा कुठे जमेल, पण जमला की त्यासारखा नाही. ऐका... हा तावडीत सापडलेल्या सशाचा आवाज. सुरुवात हळू, कारण एखादा जवळच झोपलेला असू शकतो. अर्धा मिनिट वाजवायचं, मग मिनिट-दोन मिनिटं गप्प. रिमोटवाले स्पीकरही मिळतात, लांब ठेवले की जनावराची नजर तिकडे राहते, सोपं पडतं, पण मला विचाराल तर फुंकण्यातच मजा आहे.

आठ मिनिटं झाली. काहीच नाही.

तिथे, डावीकडे, कुंपणाच्या खांबापाशी. कान बघा. थांबला, नाक वर केलं, परत दोन पावलं...

.223 रायफलची एक गोळी, संपलं. इथे वासरं-कोकरं सांभाळणारे रँचर खूश होतात, कॅलिफोर्नियाने मात्र 2014 मधे अशा शिकारीच्या बक्षीस-स्पर्धांवर बंदीचा निर्णय घेतला, आणि आपल्याकडे तर वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा विषय जवळजवळ बंदच.

पंधरा-वीस मिनिटांत कोणी आलं नाही तर उठायचं, मैलभर पुढे जाऊन परत मांडायचं. हे दिवस त्यांच्या जोड्या जमायचे, म्हणून पुढच्या जागी ससा नाही, आधी कायोटीचीच एक लांब कोल्हेकुई. आणि ऐका, टेकडीपलीकडून उत्तर येतंय.