कीड, किडा आणि जनावर

नमस्कार. संयोजकांनी आजच्या विषयाचे नाव ‘परभाषेतील ग्रंथांचे सामूहिक वाचन’ असे छापले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु मला सांगायचे आहे ते त्याहून थोडे नेमके आहे. परभाषेतले पुस्तक त्याच भाषेत वाचावे, मात्र त्याविषयी बोलताना थेट आपल्या भाषेत बोलावे, मध्ये इंग्रजीच्या ओसरीवर थांबू नये, असे माझे अनेक वर्षांच्या वाचनातून बनलेले मत आहे.

येथे बसलेल्या बहुतेकांनी जर्मनच्या निदान पहिल्या दोन परीक्षा दिल्या आहेत, त्यामुळे आपण ती भाषा कोणत्या वाटेने शिकलो हे मी सांगायला नको. आमच्या वर्गात शब्दाचा अर्थ विचारला की इंग्रजी शब्द मिळे आणि त्याचा मराठी अर्थ आम्ही वहीच्या समासात पेन्सिलीने, जवळजवळ चोरून लिहीत असू. ही सल माझ्या मनात अजून आहे, कारण तिच्यामुळे आम्ही दुसऱ्यांच्या अडचणीही आपल्या मानून बसलो. जर्मनमधील लिंगे अतर्क्य आहेत, ती घोकण्यावाचून गत्यंतर नाही, असे आमच्या व्याकरणाच्या पुस्तकात होते. ही अडचण इंग्रजी बोलणाऱ्याची आहे. ज्याच्या भाषेत दरवाजा ‘तो’, भिंत ‘ती’ आणि घर ‘ते’ असते, त्याने जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी आहे हे ऐकून दचकावे असे काहीच नाही. आपणही मुलीला मायेने ‘गुणाचं पोर’ म्हणतोच. गौण वाक्यात क्रियापद शेवटी येते याचेही आम्हाला असेच भय घालण्यात आले होते, आणि आपले क्रियापद पिढ्यान्‌पिढ्या शेवटीच येत आले आहे हे त्या वेळी एकाच्याही लक्षात आले नाही.

आता ती संध्याकाळ सांगतो. आम्ही सहा जण दर गुरुवारी एकत्र वाचत असू आणि त्या वर्षी जर्मनमध्ये लिहिणाऱ्या काफ्काची १९१५ साली प्रसिद्ध झालेली ‘डी फेरवान्डलुंग’, म्हणजे ‘रूपांतर’, ही कथा हाती घेतली होती. पहिल्याच वाक्यात ग्रेगोर साम्सा सकाळी अस्वस्थ स्वप्नांतून जागा होतो आणि आपण एक ‘उनगेहॉयर उनगेत्सीफर’ झालो आहोत असे त्याला आढळते. तेवढ्या दोन शब्दांपाशी आम्ही अडीच तास बसलो, आणि माझ्या आयुष्यातल्या सर्वांत आनंदाच्या संध्याकाळींत मी तिची गणना करतो. कोणी ‘झुरळ’ म्हणाले, कोणी ‘ढेकूण’, आणि एकाने तर कागदावर सहा पायांचा प्राणी काढूनही दाखवला. तेव्हा दुसऱ्याने त्याला आठवण करून दिली की मुखपृष्ठावर तो किडा काढू नये, दुरूनसुद्धा दाखवू नये, अशी कळकळीची विनंती काफ्काने २५ ऑक्टोबर १९१५ च्या पत्रात प्रकाशकाला केली होती. चित्र त्याच क्षणी घडी घालून खिशात गेले.

‘उनगेत्सीफर’ हा मुळात कोणा एका किड्याचा शब्दच नाही. उवा, ढेकूण, उंदीर अशा साऱ्या उपद्रवी जिवांना मिळून तो वापरतात, आणि बळी देण्यास अयोग्य असे जनावर हा त्याचा जुना अर्थ सांगितला जातो. आमच्यातले एक गृहस्थ कृषी खात्यातून निवृत्त झालेले होते. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “अहो, ही तर कीड! कापसावर पडते ती एक अळी असो की हजार असोत, शेतकरी म्हणतो कीड पडली.” जर्मन शब्दाचा समूहवाचकपणा आणि त्यातली किळस आम्हाला त्यांच्या शेतावरच्या शब्दात सापडली. नंतर आणखी कोणाच्या ध्यानात आले की त्या वाक्यात ‘उन’ हा नकार तीनदा वाजतो, पहिल्यांदा स्वप्नांच्या विशेषणात आणि मग या दोन शब्दांत. तेव्हा ‘अस्वस्थ’, ‘अजस्र’ आणि ‘अमंगळ’ असे तीन अकार आम्ही एकापुढे एक ठेवून मोठ्याने म्हणून पाहिले. ‘अमंगळ’मध्ये तो बळीला न चालणारा प्राणीही आला. इंग्रजी भाषांतरे समोरच होती, परंतु त्यांतून या जागी पोहोचण्याची वाट नव्हती.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे, म्हणून मुख्य मुद्दा आता थोडक्यात मांडतो. निवेदक कथाभर ग्रेगोरला ‘एर’, म्हणजे ‘तो’ म्हणतो. शेवटाकडे, ज्या सतरा वर्षांच्या बहिणीने इतके दिवस त्याच्या खोलीत खाणे नेऊन ठेवले, तीच म्हणते की या ‘उन्टीअर’समोर, म्हणजे राक्षसी प्राण्यासमोर, मी माझ्या भावाचे नाव उच्चारणार नाही, आपण ‘एस’पासून सुटका करून घेतली पाहिजे. ‘एस’ म्हणजे ‘ते’. वडील त्यानंतरही “त्याला आपलं बोलणं कळलं असतं तर” असे ‘तो’ धरूनच बोलतात, आणि मुलगी पुन्हा ‘ते’ म्हणते. एका घरातल्या दोन सर्वनामांत सारी कथा उभी आहे. हिंदीत नपुंसकलिंग उरलेले नाही. मराठीने ते जपले आहे.

मात्र त्यासाठी शब्द नीट निवडावा लागतो. ‘किडा’ घेतला की ‘तो’च राहतो, ‘कीड’ घेतली की ‘ती’ येते. बहिणीच्या तोंडी आम्ही शेवटी ‘जनावर’ हा शब्द ठेवला. आमच्यातल्या कोकणातल्या बाईंनी तो सुचवला, कारण त्यांच्या घरी रात्रीच्या वेळी सापाचे नाव घेत नसत, ‘जनावर निघालं’ एवढेच म्हणत. नाव न घेण्यासाठीच असलेला शब्द नाव न घेणाऱ्या बहिणीला मिळाला, आणि सोबत ‘ते’ही आले.

पुढे घरकामाची बाई सकाळी खोलीत जाते आणि बाहेर येऊन मोठ्याने ओरडते. जर्मनमध्ये तिला तिथे ‘एस’ म्हणावे लागते, आणि मरणासाठी ती जनावरांना लावतात ते क्रियापद वापरते. आमच्यात ते पान वाचण्याची पाळी त्या कोकणातल्या बाईंची होती. त्यांनी जर्मन वाक्य संपवले, पुस्तक मांडीवर ठेवले आणि कोणतेही सर्वनाम न वापरता हलकेच म्हटले, “मेलं.”