थेंब बुडाला की पास
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : शाळेचा व्हरांडा. टेबलावर निळ्या द्रावणाची बाटली, अगदी जवळून.]

तासगाव तालुक्यातलं एक गाव. मार्च महिना, द्राक्षं उतरायची घाई. तरी महिला दिनाचं निमित्त साधून बचत गटाच्या बायकांनी रक्तदान शिबिर भरवलंच. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गात खाटा मांडल्यात. पण आपण अजून खाटांपर्यंत पोचायचं नाही. आधी ही बाटली.

रंग ओळखीचा वाटतोय ना? मोरचूद, म्हणजे तांब्याचं एक क्षार. बागेत फवारायचं बोर्डो हे बुरशीनाशक करताना चुन्याबरोबर कालवतात, तोच. इथे तो पाण्यात फार काटेकोर मापाने विरघळवलाय, द्रावणाचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतलं वजन, १.०५३ भरेल इतका.

[दृश्य : बोट, टोच, काचेची बारीक नळी.]

बोटाला स्पिरिटचा बोळा. टोच. रक्त नळीत आपोआप चढतं. आणि द्रावणाच्या सेंटीमीटरभर वरून एक थेंब सोडायचा. थेंब पडताक्षणी त्याच्याभोवती तांब्याचं पातळ आवरण धरतं, म्हणून तो लगेच पसरत नाही. पंधरा सेकंदांत सरळ तळाला गेला, तर रक्त द्रावणापेक्षा जड, म्हणजे शंभर मिलिलिटरमागे हिमोग्लोबिन साडेबारा ग्रॅम किंवा त्याच्या वर. रक्ताला वजन येतं ते मुख्यतः हिमोग्लोबिनमुळेच. घुटमळला, वर तरंगला, तर कमी. आता बऱ्याच रक्तपेढ्या आकडा दाखवणारं छोटं यंत्र वापरतात. या शिबिरात बाटली होती आणि आमच्या कॅमेऱ्याच्या दृष्टीने ते बरंच झालं.

[दृश्य : हिरव्या साडीतल्या काकू. थेंब पडतो. आवाज बंद.]

(निवेदन नाही. दहा सेकंद.)

[दृश्य : सिस्टर मान हलवते.]

"काकू, या वेळी नको."

"परत बघा की सिस्टर. सकाळपास्नं बागेत हाय मी, काय झालं न्हाई मला."

परत बघितलं. थेंब पुन्हा वर.

हे टेबल आम्ही सोडलंच नाही. एकामागून एक बायका येत होत्या, बोट पुढे करत होत्या आणि त्यातल्या कितीतरी इथूनच मागे फिरत होत्या. नियम सांगतो, हिमोग्लोबिन साडेबारा हवं, बाई असो वा पुरुष. जागतिक आरोग्य संघटना मात्र रक्तक्षय कशाला म्हणते? गरोदर नसलेल्या बाईचं बाराच्या खाली आणि पुरुषाचं तेराच्या खाली गेलं तर. आता हिशेब मांडा. १२.२ असलेली बाई निरोगी, पण रक्त देऊ शकत नाही. १२.६ असलेला पुरुष रक्तक्षयाचा रुग्ण, तो मात्र खुशाल खाटेवर.

काकूंना परत पाठवलं ते योग्यच झालं, त्याबद्दल वाद नाही. पण आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसलं. त्या बायकांचं रक्त एरवी तपासतं कोण? बाळंतपणात तपासतात. त्यानंतर थेट अशा एखाद्या शिबिरात.

[दृश्य : फॉर्म भरणारे हात. वजनकाटा.]

बाकीचे नियम फॉर्मवर आहेत. वय १८ ते ६५, पहिल्यांदाच देत असाल तर साठीच्या आत. वजन किमान ४५ किलो, तेवढ्यावर ३५० मिलिलिटर घेतात. ४५० हवं असेल तर ५५ च्या वर. उपाशीपोटी चालत नाही, त्यामुळे चतुर्थी-एकादशीला शिबिर ठेवणाऱ्यांनी आधी कॅलेंडर बघावं. मधुमेहाच्या गोळ्या चालतात, इन्सुलिन नाही. आजीच्या हातावरचं जुनं गोंदण चालतं. नातवाने मनगटावर टॅटू काढला असेल तर त्याला वर्षभर थांबावं लागतं, आणि या शिबिरातला नातू त्यावर बराच वेळ हुज्जत घालत होता. तृतीयपंथीयांना कायमचं बाद ठरवणारं कलमही २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. त्याला २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं.

[दृश्य : डोक्याला टॉवेल गुंडाळलेले शेतकरी दादा, जांभई.]

हे दादा सगळ्यात पास. वजन, रक्तदाब, थेंब, सगळं. डॉक्टरांनी सहज विचारलं, "झोप झाली का?" रात्रपाळीची लाइट. रात्रभर पाणी पाजून तसेच इकडे आले होते. झोप नाही म्हणजे रक्त नाही. शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी आजवर बऱ्याच कारणांनी झालीय, त्यात हे एक घाला.

[दृश्य : जुने कागद, फाइली. मग खाटा.]

इतकी चौकशी कशासाठी, असं लोक विचारतात. एके काळी आपल्याकडे रक्त विकलं जायचं. पैशाची नड असलेला माणूस आजार लपवून महिन्यातून कितीदाही येई. दिल्लीच्या 'कॉमन कॉज' या संस्थेने याविरुद्ध याचिका केली, १९९६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. त्याच निकालातून राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद उभी राहिली. उत्तरं खरी मिळावीत म्हणून तर ते फुकट घ्यायचं. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग, मलेरिया अशी तपासणी होते, पण संसर्ग अगदी ताजा असेल तर तपासणीही चुकते. तेव्हा भरवसा फक्त फॉर्मवरच्या खऱ्या उत्तराचा.

[दृश्य : स्पंजचा चेंडू दाबणारी मूठ. डुलणाऱ्या काट्यावरची पिशवी.]

हा काटा पिशवी हलवत ठेवतो, म्हणजे आतल्या औषधात रक्त नीट मिसळतं आणि गोठत नाही. दहा मिनिटांच्या आत काम होतं. पुरुषाने पुन्हा द्यायचं ते ९० दिवसांनी, बाईने १२० दिवसांनी. दर महिन्याचं रक्त जातं, ते भरून यायला वेळ लागतो.

[दृश्य : थंड पेटी, निघणारी गाडी.]

पिशव्या संध्याकाळी सांगलीला पोचल्या. लाल पेशी साधारण पाच आठवडे टिकतात, प्लेटलेट्स फक्त पाच दिवस.

[दृश्य : चहाचं टेबल. काकू, हातात कप आणि बिस्किटाचा पुडा.]

परत पाठवलेल्या प्रत्येक बाईला इथे काय मिळालं, बघा. चहा. प्रेमानेच दिला, पण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही आणि या बायकांना कमी आहे ते लोहच. त्याऐवजी कुणी लिंबू सरबत दिलं असतं तर जास्त शोभलं असतं.

आशाताईंनी नंतर या बायकांची नावं वहीत उतरवून घेतली. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात मोफत मिळतात. गोळ्यांनी शौचाला काळी होते, त्याला घाबरून मध्येच सोडायच्या नाहीत. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा टाळायचा.

काकूंना दिवाळीतल्या शिबिराचं आवतण आत्ताच देऊन ठेवलंय. त्या दिवसांत कॉलेजं बंद असतात, शिबिरं कमी होतात आणि रक्तपेढ्या दाते शोधत फिरतात.