नाव पुसलेली डिस्क कशी ओळखावी

मंडळी, टेबलावरच्या या डिस्क गोल्फच्या, म्हणजे चकती फेकून टोपलीत टाकायच्या खेळाच्या, डिस्क एकेक करून हातात घ्या. बहुतेकांवर अक्षरसुद्धा उरलेलं नाही. काही जुन्या क्रीडासाहित्याच्या दुकानातून आल्यात, काही तळ्यातून डिस्क काढून विकणाऱ्यांकडून. आपण मिशिगनकर, त्यामुळे अशा मालाला तोटा नाही. डिस्क्राफ्ट आणि एमव्हीपी या डिस्क बनवणाऱ्या कंपन्या याच राज्यातल्या, आणि केन्सिंग्टन किंवा हडसन मिल्सच्या मैदानांवर सुटीच्या दिवशी गेलात तर गर्दी बघून घ्या. नवा खेळाडू चार पैसे वाचवायला अशी बिननावाची डिस्क घेतो. ती निघते जोरदार हाताच्या माणसासाठी घडवलेली ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क. मग उजव्या हाताने नेहमीच्या पद्धतीने फेकली की ती दर वेळी डावीकडे वळून आपटते आणि बिचारा आपल्या हाताला दोष देत बसतो. या खेळातून अशी माणसं गळालेली मी पाहिली आहेत, म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

ओळखण्याआधी एक काम करायचं. डिस्क उलटी करा आणि आतल्या बाजूला शाईने काही लिहिलंय का ते शोधा. नाव, फोन नंबर किंवा नुसता पीडीजीए, म्हणजे या खेळाच्या व्यावसायिक संघटनेचा, सदस्य क्रमांक असेल. क्रमांकावरून त्या संघटनेच्या संकेतस्थळावर खेळाडूचं नाव मिळतं. शाई फिकी असेल तर टॉर्च आडवा धरून बघा. मालक सापडला तर पुढचं सगळं तोच सांगेल. आणि सापडलेली डिस्क परत करणं ही या खेळातली रीत आहे, ती पाळलीच पाहिजे.

आता स्टँप. डिस्कच्या माथ्यावरचं नाव छापतात ते तापवलेल्या ठशाने फॉइल दाबून. लग्नपत्रिकेवर सोनेरी अक्षरं उठवतात तीच ही पद्धत. झाडांवर, दगडांवर घासून फॉइल झडतं. काही जण डिस्क रंगवण्यासाठी ॲसिटोनने ते मुद्दाम पुसतात. पण ठसा गरम असतो, दाबाने बसलेला असतो, त्यामुळे फॉइल गेलं तरी प्लास्टिकवर पुसट खूण पुष्कळदा राहते. समोरून ती दिसत नाही. खिडकीशी जा, डिस्क डोळ्यांच्या पातळीवर आणा आणि हळूहळू फिरवा. एखादं अक्षर, चित्राची एखादी कड चमकून जाते. या निळ्या डिस्कवर बघा, काठाजवळ एक शेपटीसारखी रेघ आहे. एवढ्यावरून कंपनीचा अंदाज येऊ शकतो.

स्टँप पुसता येतो, साच्यात कोरलेली अक्षरं मात्र सहसा जात नाहीत. इनोव्हा या कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या कित्येक डिस्कच्या पोटात कंपनीचं नाव, गाव आणि पेटंट क्रमांक उठावात असतो. रॉक ही त्यांची जुनी मिडरेंज, म्हणजे मध्यम अंतराची डिस्क घ्या. तिच्या पोटात कधी सॅन मरीनो, कधी ऑन्टॅरिओ, कधी रँचो कुकामोंगा लिहिलेलं सापडतं. तिन्ही गावं कॅलिफोर्नियातली. कंपनीचा पत्ता बदलत गेला तसा मजकूर बदलला. संग्राहक या डिस्कना गावाच्याच नावाने ओळखतात, आणि सॅन मरीनो रॉकला फार मान आहे. वर सगळं कोरं असलेली डिस्क कुणी कवडीमोलाने देत असेल तर पोटाकडे एकदा नजर टाका.

अक्षरंच नसतील तर? माझं सांगणं एकच आहे: माथ्यावर भरवसा ठेवू नका, रिमवर, म्हणजे जाड कडेवर ठेवा. प्लास्टिक साच्यातून निघून थंड होताना आक्रसतं. किती आक्रसेल ते प्लास्टिकच्या जातीवर, रंगावर, थंड होण्याच्या वेगावर ठरतं. त्यामुळे एकाच साच्यातल्या दोन डिस्कपैकी एक घुमटदार निघते, दुसरी चपटी. रिम जाड असते, तिचा आकार बऱ्याच अंशी पोलादी साच्याने ठरवलेला असतो. शिवाय डिस्क गोल्फच्या डिस्कचा सगळा स्वभाव रिममध्येच आहे. १९८३ मध्ये इनोव्हाच्या डेव्ह डनिपेसने ईगल काढली, तिच्या कडेला तिरका उतार दिला आणि हा खेळ बदलला. त्याआधीच्या चकत्यांची कड गोलसर असे.

म्हणून मोजा. व्हर्नियर कॅलिपर घ्या. बाहेरचा व्यास मोजा, मग उलटी करून आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा. वजाबाकी करून निम्मं केलं की रिमची रुंदी मिळते. समजा बाहेर २१.१ सेंटीमीटर आणि आत १६.७ आले, तर रिम २.२. ही वेगवान ड्रायव्हर, इनोव्हाची डिस्ट्रॉयर याच मापाची. रिम एक सेंटीमीटरच्या आसपास असेल तर पटर, म्हणजे जवळून टोपलीत टाकायची डिस्क. पीडीजीए मान्यता देताना प्रत्येक डिस्क मोजते, आणि व्यास, उंची, रिमची खोली, रिमची रुंदी हे सगळं तिच्या यादीत सर्वांसाठी खुलं आहे. तुमची मापं तिथे ताडून बघा.

वजनही कामाचं आहे. नियम असा की व्यासाच्या दर सेंटीमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त वजन चालत नाही. म्हणजे २१.१ व्यासाच्या डिस्कला कमाल १७५.१ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तुमची डिस्क १७८ भरली, तर काटा बरोबर आहे असं धरून ती डिस्ट्रॉयर नव्हे. डिस्क्राफ्टच्या बझ या मिडरेंजचा व्यास २१.७, तिला १८०.१ पर्यंत मुभा आहे. तेव्हा जड डिस्क बहुधा मोठ्या व्यासाची, मिडरेंज किंवा पटर.

मापं जुळणाऱ्या पाच-दहा डिस्क निघतात, मग बोट कामाला येतं. रिमच्या तळाशी बारीक गोल कंगोरा असतो, त्याला बीड म्हणतात. डोळे मिटून बोट फिरवा. बझला बीड नाही, तिच्याच घराण्यातल्या वास्पला आहे. डिस्क्राफ्टच्या बँगर-जीटीला माथ्यावर कडेलगत अंगठ्यासाठी खाच आहे. एमव्हीपीच्या बहुतेक डिस्क तर लांबूनच कळतात: मधला भाग एका प्लास्टिकचा, कड दुसऱ्या प्लास्टिकची, सांधा उघड दिसतो.

फेकून ओळखता येईल का, असं मला नेहमी विचारतात. येत नाही. झिजलेल्या डिस्कची चाल बदलते. इनोव्हाची स्वस्त प्लास्टिकची टीबर्ड एक-दोन हंगाम झाडांवर आदळली की उजवीकडे कलायला लागते, आणि मग ती त्यांचीच लेपर्ड वाटते. फेकायचं ते ही आता आपल्या हातात कशी जाते हे समजण्यासाठी. खेळताना तेवढंच लागतं.

शेवटी विकणाऱ्यांना सांगायचंय. टीबर्ड३ ही टीबर्डचीच चपट्या माथ्याची आवृत्ती. आणि माथा बदलतो हे आपण पाहिलं, त्यामुळे कोऱ्या डिस्कवर यातलं कोणतंही एक नाव ठामपणे लिहिणं बरोबर नाही. चिठ्ठीवर लिहा: रिम इतकी, वजन इतकं, बीड आहे किंवा नाही, अमुक घराण्यातली असावी. किंमत त्या मानाने लावा. घेणारा नवखा असेल तर त्याला ती हातात देऊन दोन फेकी करू द्या.

ज्यांनी आपल्या डिस्क आणल्यात त्यांनी पुढे या. कॅलिपर दोन आहेत, काटाही इथेच आहे.