मुलांना घेऊन लॅपलँडच्या रानात

श्रोतेहो, नमस्कार. उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे, ऐन हिवाळ्यात, मुलाबाळांसह आठवडाभर राहायचं म्हटलं की घरात पहिली शंका निघते ती थंडीची. तीही बरोबर आहे, कारण फिनलंडमध्ये किट्टिला भागातल्या पोक्का या गावी २८ जानेवारी १९९९ रोजी पारा उणे ५१.५ अंशांवर उतरला होता. पण सहलीत मुलं रडतात ती सहसा पाऱ्यामुळे नाही. ती रडतात कारण त्यांचे मोजे आतून ओले झालेले असतात, किंवा त्यांना अर्धा तास एका जागी बसवून ठेवलेलं असतं. अंग कोरडं आणि हातपाय हलते, एवढं सांभाळलं की उणे १५ मध्ये सहा वर्षांचं मूल तासन्‌तास खेळतं. आज बोलायचं आहे ते मुख्यतः याच दोन गोष्टींबद्दल, आणि जागा घेऊ या लॅपलँडमधली, म्हणजे फिनलंडच्या उत्तर टोकाकडची: इव्हालो, सारिसेल्का आणि इनारी.

हेलसिंकीहून इव्हालोचं विमान साधारण दीड तासाचं. स्वस्त आणि मुलांना आवडणारा मार्ग म्हणजे हेलसिंकीहून रात्रीच्या गाडीने रोव्हानिएमी आणि तिथून बसने उत्तरेला सुमारे २९० किलोमीटर. डिसेंबरात सगळं जग सांताक्लॉजसाठी रोव्हानिएमीत लोटतं. गर्दी, चढे दर आणि अंधार. इव्हालोच्या परिसरात डिसेंबरच्या सुरुवातीपासून साधारण १० जानेवारीपर्यंत सूर्य उगवतच नाही. दुपारच्या आसपास काही तास निळसर संधिप्रकाश असतो, तो सुंदर असतो, पण त्या वेळात मुलांचे कपडे चढवून होईपर्यंत निम्मा उजेड संपतो.

म्हणून मुलांसाठी मार्च. २० तारखेच्या सुमारास दिवस बारा तासांचा होतो, जंगलात सहज कमरेइतका बर्फ असतो, दुपारचं तापमान बहुधा उणे १५ ते उणे २ च्या दरम्यान राहतं, रात्री मात्र पुष्कळ खाली जातं. ध्रुवीय प्रकाशही, म्हणजे रात्रीच्या आकाशातला ऑरोरा, विषुवदिनाच्या आसपास जास्त खेळतो. अडचण आपल्याकडच्या परीक्षांची. सीबीएसईच्या काही शाळांना मार्चअखेर थोडी सुट्टी मिळते, युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ईस्टरची सुट्टी असते, आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातही तिथे भरपूर बर्फ टिकून असतो. झाडं बर्फाने लदलेली, वाकलेली बघायचीच असतील तर मात्र जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. उन्हाने ते ओझं मार्चमध्ये गळू लागतं.

आता कपडे. अंगालगत मेरिनो लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा जाड थर, आणि सगळ्यात वर वारा अडवणारा थर. सुती काहीही अंगालगत नको. गंजीफ्रॉकसुद्धा नको. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं, मग मूल धावायचं थांबलं की तीच ओल अंगातली ऊब ओढून घेते. बूट नेहमीपेक्षा एक ते दोन मापं मोठे, आतला नमद्याचा अस्तर-मोजा बाहेर काढता येईल असे. घट्ट बुटात दोन जोड मोजे कोंबणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. बोटं दाबली जातात, रक्त पोचत नाही, आतली हवा नाहीशी होते आणि पाय जास्तच गारठतात. हातांना पाच बोटांचे मोजे न देता, चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा असे मिटन द्या, आणि एक जादा जोड मोठ्यांच्या खिशात ठेवा. डोक्याला आपली माकडटोपी उत्तम, फक्त ती लोकरीची हवी. बरेच सफर चालवणारे जाड ओव्हरऑल, बूट, मिटन आणि हेल्मेट फेरीच्या भाड्यातच देतात, तेव्हा बुकिंग करताना मुलांची उंची आणि बुटाचं माप कळवा. महागडी जॅकेटं मुंबईत किंवा पुण्यात विकत घेऊन जाण्यात काही अर्थ नाही.

कानातली, कडी, बांगड्या हॉटेलातच काढून ठेवा. धातू थंडी थेट कातडीपर्यंत पोचवतो. लहान मुलांना आणखी एक गोष्ट बजावून सांगावी लागते, ती म्हणजे लोखंडी कठड्याला जीभ लावायची नाही. चिकटतेच. चिकटलीच तर ओढू नका, कोमट पाणी ओता. आणि ओव्हरऑल चढवायच्या आधी प्रत्येकाला लघवीला पाठवा. हे हसण्यावारी नेऊ नका, यात रोजची वीस मिनिटं वाचतात.

हिमदंशाची सुरुवात गालावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा कानाच्या पाळीवर मेणासारख्या पांढऱ्या डागाने होते. तो दुखत नाही, म्हणून मूल सांगत नाही. मोठ्यांनी दर पंधरा-वीस मिनिटांनी एकमेकांचे आणि मुलांचे चेहरे बघायचे. डाग दिसला तर उघडा उबदार तळवा त्यावर धरून ठेवा, वाऱ्याकडे पाठ करा आणि आत चला. बर्फाने चोळू नका, कातडी आणखी फाटते. चेहऱ्याला थापलेल्या क्रीमने हिमदंश टळत नाही, उलट ऊब असल्याचा भास होतो. लहान मुलाला ‘थंडी वाजते का’ विचारून उपयोग नाही, ते ‘नाही’च म्हणणार. मिटनमध्ये आपलं बोट घालून त्याची बोटं चाचपा. जे मूल पाठीवरच्या झोळीत किंवा घसरगाडीत बसलेलं असतं, त्याची काळजी दुप्पट. ओढणारा बाप घामाघूम होतो आणि त्याला वाटतं हवा छान आहे. मूल मात्र हालचाल करत नसल्यामुळे गार पडत जातं.

हस्की कुत्र्यांची सफर बहुतेकांना हवीच असते, आणि ती खरोखर करण्यासारखी आहे. एका स्लेजला, म्हणजे कुत्र्यांनी ओढायच्या घसरगाडीला, साधारण चार ते सहा कुत्री, मागे पट्ट्यांवर उभा एक मोठा माणूस, पुढे बसलेलं मूल किंवा दुसरा माणूस. निघण्याआधी कुत्री इतका गलका करतात की मुलं घाबरतात. निघाल्याबरोबर सगळी एकदम गप्प होतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. चालवणाऱ्याने पाळायचा पहिला नियम म्हणजे काही झालं तरी दांडा सोडायचा नाही. तुम्ही पडलात तरी कुत्री थांबत नाहीत, आणि पुढे मूल बसलेलं असतं. ब्रेक म्हणजे दोन पट्ट्यांमधली दातेरी लोखंडी पट्टी. थांबायचं असेल तर तिच्यावर दोन्ही पाय देऊन उभं राहायचं, आणि थांबल्यावरही पाय काढायचा नाही. उतारावर हलका ब्रेक लागतोच, कारण दोर सैल पडला तर तो कुत्र्यांच्या पायांत अडकतो, किंवा स्लेज मागच्या जोडीवर आदळते. चढावर एका पायाने रेटा द्या. न देणाऱ्याकडे कुत्री मागे वळून बघतात, असं तिकडचे लोक सांगतात आणि त्यात बरंच तथ्य आहे. वळणावर आतल्या बाजूला झुका.

हवा उणे २० असेल आणि स्लेजचा वेग ताशी १५ किलोमीटर, तर उघड्या कातडीला ती उणे २९ सारखी लागते. स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी मोटरगाडी, ताशी ३० ने गेली तर उणे ३३. पुढे बसलेलं मूल हलत नाही, म्हणून पहिल्यांदा लांबची फेरी घेऊच नका. पाच-सात किलोमीटर पुरे. पारा फारच उतरला तर सफर रद्द होते किंवा छोटी केली जाते. चालवणाऱ्याशी त्यावरून वाद घालू नये.

स्नोमोबिलबद्दल थोडक्यात: चालवणाऱ्याजवळ गाडीचा परवाना हवा, दारू अजिबात नको, लहान मुलं वाटाड्याच्या मागच्या घसरगाडीत. आमचं मत विचाराल तर सात वर्षांखालच्या मुलाला तो आवाज आणि धूर यांत फारसं काही मिळत नाही. त्याच पैशात सारिसेल्कात चार दिवस स्की आणि स्नोशू (पाय बर्फात रुतू नयेत म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद पट्ट्या) भाड्याने मिळतील. शिवाय कौनिसपा टेकडीवरून खाली येणारी सुमारे १२०० मीटरची घसरपट्टी फुकट आहे आणि मुलं तिथून हलायला तयार नसतात. हेल्मेट घाला, आणि वेग धरला की टाचा रोवून ब्रेक लावायला आधीच शिकवा.

गोठलेल्या तळ्यावर गळ टाकून मासे धरणं हा शांत उद्योग, पण मुलांसाठी तो नीट मांडावा लागतो. साध्या काठी-गळाने बर्फातून मासेमारी करायला फिनलंडमध्ये परवाना लागत नाही, वाहत्या धारांच्या आणि सामन माशांच्या नद्या सोडून. वरचा बर्फ झाडा, गिरमिट सरळ उभं धरून १५ सेंटिमीटरच्या आसपास रुंद भोक पाडा, झाऱ्याने आतला चुरा काढा. गळ तळाला टेकेपर्यंत सोडायचा, मग वीतभर वर घ्यायचा, हलका झटका द्यायचा, आणि थांबायचं. मासा ओढतो तो बहुधा थांबलेल्या क्षणी. मुलं नेमकं थांबत नाहीत. खाली बसायला रेनडिअरचं कातडं घ्या, आणि वीस मिनिटांनी मुलांना धावायला सोडा. वापरून झालेलं भोक एखादी फांदी खोचून दाखवून ठेवा.

बर्फाची जाडी हा मात्र गमतीचा विषय नाही. एकट्या चालणाऱ्या माणसाला निदान ५ सेंटिमीटर घट्ट, स्वच्छ बर्फ लागतो, स्नोमोबिलला १५. मार्चमध्ये इनारी तळ्यावर तो त्याच्या कितीतरी पट असतो, तरीही नदी मिळते तिथे, दोन बेटांमधल्या चिंचोळ्या वाटेत, पुलाखाली आणि लव्हाळ्यांजवळ तो पातळ राहतो. या तळ्यात तीन हजारांहून जास्त बेटं आहेत, म्हणजे अशा चिंचोळ्या वाटाही पुष्कळ. आखलेली वाट सोडू नका. गळ्यात बर्फाचे टोचे अडकवा. कुणी आत पडलंच तर त्यांनी स्वतःला वर ओढता येतं. आणखी एक फसवी गोष्ट: वरच्या बर्फाच्या वजनाने खालचा थर दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि पांढऱ्या चादरीखाली लपून राहतं. त्यात पाय गेला की बूट ओला, आणि त्या दिवसाची फेरी तिथेच संपली.

सारिसेल्कालगत उर्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यान आहे, १९८३ साली घोषित झालेलं, सुमारे २५५० चौरस किलोमीटरचं. मुलांसह अर्ध्या दिवसात रुमाकुरुच्या झोपडीपर्यंत जाऊन येता येतं. स्नोशूवर मुलांचा वेग ताशी एक ते दीड किलोमीटर धरा. नकाशावरचं अंतर बघून मोठ्यांच्या चालीने हिशेब केला की परतताना अंधार होतो. झोपडीत चूल असते, कोठीत लाकडं असतात, सगळं सर्वांसाठी मोफत. चूल पेटवण्याआधी धुराड्याची झडप उघडा, आणि निखारे पूर्ण विझल्याशिवाय ती बंद करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. निघताना पुढच्यासाठी चिरफाळ्या करून ठेवायच्या, ही तिथली रीत आहे. आणखी आत, मुक्कामाच्या खुल्या झोपड्यांमध्ये तर शेवटी येणाऱ्याचा हक्क पहिला: आधी आलेल्याने विश्रांती घेतलेली असते, म्हणून जागा कमी पडली तर त्याने उठायचं. पण तिथे रात्र काढणं दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांसाठीच.

खाण्याचं. युरोपीय संघात बाहेरून मांस, दूध आणि त्यांपासून केलेले पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप आणि खव्याची मिठाई घरीच. चिवडा, मेतकूट, चटण्या, शेंगदाण्याची चिक्की चालते. चिक्की आतल्या खिशात ठेवा, बाहेरच्या खिशात ती दगड होते आणि दात दुखावतात. तिकडची ओटची गरम, साधी पण पोटभरीची लापशी ‘पुउरो’ आणि लिंगनबेरीची लाल फळं एवढं शाकाहारी माणसाला सकाळी पुरतं. पाणी थर्मासमध्ये गरमच न्या. साधी बाटली असेल तर पिशवीत उलटी ठेवा, कारण बर्फ वरून धरतो आणि बूच तेवढं मोकळं राहतं. कोरड्या हवेत तहान कळत नाही, मुलांना आठवणीने पाजा.

इनारीत सामी लोकांचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं, ‘सीदा’ हे संग्रहालय आहे, त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. या एका तालुक्यात तीन सामी भाषा बोलल्या जातात. रेनडिअर पाळणाऱ्याकडे गेलात तर ‘तुमच्याकडे किती जनावरं’ असं विचारू नका. ते बँकेतली शिल्लक विचारण्यासारखं आहे. शिंगांना हात लावू नका.

रात्री नऊनंतर आकाश निरभ्र असेल तर ध्रुवीय प्रकाशाची शक्यता. मुलांना आतल्या लोकरी कपड्यांतच झोपवा, एका मोठ्याने जागं राहावं, दिसलं तर उठवावं. मोबाइल आतल्या खिशात, नाहीतर बॅटरी बघता बघता बसते. कॅमेरा आत आणण्याआधी बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, नाहीतर काचेवर आतून दव धरतं.

रात्री बुटांचे अस्तर-मोजे काढून सुकवण्याच्या कपाटात टाका. बहुतेक भाड्याच्या घरांत असं कपाट असतं. चुलीला चिकटवून ठेवलेला नमदा आकसतो.

शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निदान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात स्लेज आणि स्नोमोबिल धरलेली आहेत का, ते छापील अटींत वाचा. मोठं रुग्णालय रोव्हानिएमीत आहे, म्हणजे इव्हालोहून तीन-चार तासांवर. मदतीचा क्रमांक ११२. त्यांच्या मोफत ॲपमधून फोन केलात तर तुम्ही नेमके कुठे आहात ते त्यांना आपोआप कळतं. गाडी भाड्याने घेतलीत तर लक्षात ठेवा, रस्त्यावर एक रेनडिअर दिसला की मागे आणखी असतात. धडक बसलीच तर तेही ११२ लाच कळवायचं. थंडीत उभ्या गाडीचं इंजिन उबदार ठेवायला ती विजेच्या खांबाला वायरने जोडतात. सकाळी निघण्याआधी ती वायर काढा. दरवर्षी कुणी ना कुणी ती ओढत रस्त्यावर जातं.