हा नास कशासाठी?

मंडळी, उपवासकाळ आला की ‘जगातल्या सगळ्या गोष्टींहून देव मोठा’ हे आपण सगळेच म्हणतो. म्हणायला काही पडत नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात मात्र या वाक्याला आकडा लावलेला आहे. तीनशे दिनार.

बेथानी गाव, शिमोन कुष्ठरोग्याचं घर. वल्हांडण हा यहुद्यांचा सण दोन दिवसांवर आलेला. जेवणं चालली आहेत आणि एक बाई आत येते. मार्क तिचं नावही सांगत नाही. तिच्या हातात अलाबास्त्राची कुपी आहे आणि कुपीत शुद्ध जटामांसीचं तेल. जटामांसी हिमालयात होते, म्हणजे हा माल आपल्याच बाजूने तिकडे गेलेला, महाग असणारच. पण ती चार थेंब काढून कुपी परत पदराखाली ठेवत नाही. ती कुपीच फोडते. फुटल्या कुपीत उद्यासाठी काय ठेवणार? सगळं तेल येशूच्या मस्तकावर जातं.

पंगतीत कुरकुर सुरू होते. हा नास कशासाठी? तीनशे दिनारांच्या वर किंमत आली असती, गोरगरिबांना देता आली असती. दिनार हा मजुराचा एका दिवसाचा रोज. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मालक मजुरांशी तोच ठरवतो. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, वगळला तर ही जवळजवळ वर्षाची मजुरी झाली.

खरं सांगू? मला त्या कुरकुरणाऱ्यांचं म्हणणं पटतं. चर्चच्या कमिटीत जो कोणी बसला असेल त्याला पटेल. हिशेब चोख आहे, हेतूही वाईट म्हणता येत नाही. येशू त्या हिशेबात चूक काढत नाही. तो म्हणतो, तिला त्रास का देता? तिने माझ्यासाठी चांगलं काम केलं आहे. गरीब तर नेहमी तुमच्याजवळ आहेत, मनात येईल तेव्हा त्यांचं भलं करा. या वाक्यातला पहिला अर्धा भाग घेऊन खिसा शिवून टाकणारे पुष्कळ आहेत. त्यांनी जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा पंधरावा अध्याय उघडावा. देशात गरीब कायम राहणार, असं तिथे म्हटलं आहे, आणि त्याला लागूनच आज्ञा आहे : म्हणून हात सैल सोड.

लगेच पुढे येशूचाच शिष्य यहूदा इस्कर्योत त्याला धरून देण्यासाठी मुख्य याजकांकडे जातो आणि ते त्याला पैसे कबूल करतात. मार्कने हे दोन प्रसंग मुद्दाम शेजारी ठेवलेत, असं मला वाटतं. बाईने हिशेबच केला नाही. यहूदाने येशूचाही केला. रक्कम मत्तय सांगतो, चांदीची तीस नाणी.

आता आपल्या घरचं उदाहरण. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळावा मांडला. हे सांगताना आपली छाती फुगते, फुगावीच. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ शेजारी ठेवून पाहा. टिळकांचा हात सढळ, आणि संसाराची तोंडमिळवणी करायची बाईंनी. त्या ते हसत सांगतात, म्हणून आपणही हसून पान उलटतो. घरातल्या एकाने देवासाठी सोडलं की त्याचा भार कोणाच्या अंगावर पडतो, हे व्यासपीठावरून सहसा कोणी विचारत नाही.

येशूने विचारलं होतं. मार्काचा सातवा अध्याय. आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असं जाहीर केलं की मुलगा मोकळा, अशी सोय परंपरेने करून ठेवली होती. देवाचं नाव घेऊन आईबापांच्या तोंडचा घास काढायचा! येशू त्यावर फार कडक बोलला आहे. बेथानीच्या बाईने जी कुपी फोडली ती तिची होती. आपण पुष्कळदा दुसऱ्याच्या कुप्या फोडतो. नवरा सेवेत रमलेला आणि मुलांच्या फीसाठी बायको भावापुढे हात पसरते, असं घर आपल्या ओळखीत निघेल.

यावर कोणी म्हणेल, येशूचा शिष्य पेत्र, त्याने तर सगळं सोडलं होतं. तसं तो स्वतःच दहाव्या अध्यायात म्हणतो, पाहा, आम्ही सर्व सोडून तुमच्यामागे आलो. बरोबर. जाळी सोडली, धंदा सोडला. पण पहिल्या अध्यायात, जाळी टाकून निघाल्यावर थोड्याच वेळात, येशू त्याच्याच घरी जातो आणि तापाने पडलेल्या त्याच्या सासूला हाताला धरून उठवतो. आणि पुढे कित्येक वर्षांनी पौल करिंथकरांना पहिलं पत्र लिहितो, त्याच्या नवव्या अध्यायात प्रवासाला निघालेला पेत्र आपल्याला पुन्हा दिसतो. बायको बरोबर आहे.