विचारणाऱ्याचा शब्द

(दृश्य : सकाळचे सात. नागपूरच्या वर्धा रोडच्या कडेला पोह्यांची गाडी. पोह्यांवर तर्री पडते.)

मिहानमधल्या आयटी कंपन्यांची रात्रपाळी सुटली की पोरं आधी इथं येतात. रात्री कुणाचा सर्व्हर बसला, कोणी काय करून पाहिलं, शेवटी कशानं सुरू झाला, हे सगळं तर्री-पोह्यांच्या प्लेटवर बोललं जातं. मीही त्यांच्यात उभी असते. कागदावर माझं पद ‘नॉलेज मॅनेजर’. आई विचारते, म्हणजे नेमकं काय करतेस गं? मी म्हणते, एकाला जे कळलंय ते दुसऱ्याला अडल्या वेळी सापडलं पाहिजे, एवढं बघते.

या गाडीवर मला ज्युलियन ऑर आठवतो. हा मानववंशशास्त्रज्ञ. १९८०च्या दशकात तो अमेरिकेत झेरॉक्सची यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांच्या मागं मागं फिरला. त्याला दिसलं ते असं, की बिघाड जाड पुस्तकात बसेनासा झाला की ही माणसं एकमेकांना गोष्टी सांगतात. ‘मागं असंच एक यंत्र आलं होतं बघ’ अशी सुरुवात, आणि त्या गोष्टीतच उपाय. पुढं १९९०च्या दशकात त्या कंपनीनं अशा युक्त्यांचा ‘युरेका’ नावाचा साठा उभा केला. कारागिरानं सापडलेली युक्ती लिहायची, दुसऱ्या कारागिरांनी ती तपासायची, आणि खाली सांगणाऱ्याचं नाव. ते नाव मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

(दृश्य : सीताबर्डीची गर्दी. जुन्या इमारतीचा अरुंद जिना.)

माझी सुरुवात इथली. बर्डीवरच्या एका सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसायचे. तेव्हा मराठी लिहिणं म्हणजे फाँटचं दुखणं होतं. माझ्याकडं एक फाँट, मैत्रिणीकडं दुसरा, की पत्राच्या जागी नुसती चिन्हं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासूनच होती, पण ती आमच्या संगणकांवर नीट दिसू लागायला बरीच वर्षं गेली.

मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ला, महाराष्ट्र दिनी. मी त्यात आले काही वर्षांनी. तिथं सगळ्यांनी मिळून बोलायच्या जागेला ‘चावडी’ म्हणतात. गावातल्यासारखंच, कोणीही यावं, विचारावं. मी काटोलची, तेव्हा पहिलं लिहिलं ते संत्र्यावर. झाडाला हिवाळ्याच्या शेवटी आंबिया आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला मृग असे दोन बहार येतात, असं ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी माझं वाक्य बदललेलं! राग आला. मग चर्चेच्या पानावर बघितलं, तर कोणा अनोळखी माणसानं शांतपणे विचारलं होतं, शेतकरी दोन्ही बहार घेतो की एकच? बाबांना फोन लावला. ते म्हणाले, “एकच धरते माणूस. उन्हाया काढाले पाणी नसन तं आंबिया कसा धरन?” माझं वाक्य अर्धवट होतं. त्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही, पण सोबतीनं लिहिणं मी त्याच्याकडून शिकले. खोडलंस तर कारण लिही, आणि जुनं कोणालाही दिसू दे.

(दृश्य : रात्रीचं कार्यालय. पडद्याचा उजेड.)

नोकरीत हेच शहाणपण मी विसरले होते. एका कंपनीत मला अडचणी-उपायांचा साठा उभारायला सांगितलं. मी सुबक वर्गवारी केली, नेटके मथळे दिले, लिहिणाऱ्याला गुण ठेवले. गुणांसाठी लेखांचा ढीग पडला. पण रात्रपाळीची पोरं तरीही एकमेकांनाच फोन करत होती. त्यांच्या शेजारी दोन रात्री बसले तेव्हा उमगलं. लेखाचा मथळा होता ‘प्रमाणीकरणातील त्रुटी’. पोरगा शोधत होता ‘लॉगिन होत नाही’. उत्तर तिथंच होतं, त्याला सापडत नव्हतं. चूक माझीच होती.

त्यानंतर एकच नियम केला. प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडी जो शब्द, तोच मथळ्यात. शास्त्रातलं नाव हवं तर खाली. गुण काढून टाकले, नावं ठेवली. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी ग्रंथालयांसाठी १९३१मध्ये जे पाच नियम सांगितले, त्यात चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. तो मला त्या दोन रात्रींत कळला.

(दृश्य : काटोल. संत्र्याची बाग. खोडाला निळसर लेप.)

पावसाळ्याआधीची गोष्ट. बाबा झाडाच्या सालीतून गळणारा डिंक दाखवत होते. माहितीपत्रकात नाव येतं ते हा रोग आणणाऱ्या जंतूचं, फायटोफ्थोरा. आमच्या गावात रोगाला डिंक्याच म्हणतात, आणि फोनवरही तेच शोधतात. उपाय बोर्डो पेस्ट. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं कालवायचं, लोखंडी बादली घ्यायची नाही, मग एकत्र करून खोडाला लावायचं.

मी लिहून घेत होते. मिश्रण झाल्यावर बाबांनी कोयत्याचं पातं त्यात बुडवलं, वर काढलं, उन्हात धरलं. पात्यावर तांबूस थर आला होता.

मी विचारलं, हे कशाला?

“लाल झाला तं चुना कमी पडला समज, बाई. चुना सारखा थोडीच असते दरवेळी!”

आमच्या घरातल्या पत्रकावर माप होतं, पण हे नव्हतं. तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी १९६६मध्ये लिहून ठेवलंय, की माणसाला सांगता येतं त्याहून अधिक ठाऊक असतं. मी हे कैकदा सादरीकरणांत दाखवलंय. बाबांना मात्र मी कोयत्याबद्दल कधी विचारलंच नव्हतं, आणि त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

बाबांनी मूठभर चुना आणखी टाकला. पुन्हा पातं बुडवलं. या वेळी ते स्वच्छ निघालं.

संध्याकाळी मी ते सगळं टिपलं. मथळा : ‘डिंक्या’. कोयत्याची खूण सगळ्यात वर. खाली बाबांचं नाव. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याच्या पोराला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. मागं बादलीत काठी फिरल्याचा आवाज येत होता.

“ताई, कोयता सापडून नाही राहिला. खिळा चालन का?”

मी बाबांकडं बघितलं. ते म्हणाले, “चालन. गंजलेला नको फक्त.”

फोन ठेवला आणि टिपणात एक ओळ वाढवली : कोयता नसेल तर लोखंडी खिळा चालेल, गंजलेला नको. खाली आता दोन नावं आहेत.